कातारीन : एका ग्रीक नावाचा गोमंतकातील प्रवास

पेडणे व डिचोली या तालुक्यांतील ख्रिस्ती कुटुंबे ज्या शेजारात राहतात, तेथे मुलीच्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. निर्मला, सुगंधा, शांती ही नावे उच्चारताच आपला अर्थ आपणच सांगून मोकळी होतात. शाळेत मराठी शिकणाऱ्या, शेजारच्या मंदिरातील मराठी भजने लहानपणापासून ऐकणाऱ्या ख्रिस्ती मुलीला मग साहजिकच प्रश्न पडतो की, आजीकडून आपल्याला आलेल्या ‘कातारीन’ या नावाचा अर्थ तरी काय? ते कोठून आले? आणि ज्यांनी ते येथे आणले, त्यांच्या राजवटीची आठवण त्याला चिकटलेली असताना ते आपले मानावे काय? स्नानसंस्कारापूर्वी पालकांशी बोलताना धर्मगुरूंना या तिन्ही प्रश्नांना सामोरे जावे लागते. त्यांचा क्रमाने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दाचे मूळ

या नावाचे सर्वांत जुने उपलब्ध रूप ग्रीक असून त्याचा उच्चार ‘ऐकातेरिने’ असा होतो. त्याच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. एका मतानुसार ते ‘हेकातेरोस’ या शब्दापासून, म्हणजे ‘दोहोंपैकी प्रत्येक’ या अर्थाच्या सर्वनामापासून निघाले. दुसऱ्या मताप्रमाणे त्याचा संबंध ‘हेकाते’ या ग्रीक देवतेशी आहे. तिसरे मत ‘ऐकिया’, म्हणजे छळ किंवा विटंबना, या शब्दाकडे बोट दाखवते. हुतात्मा संतेच्या चरित्राशी हा अर्थ जुळतो खरा; पण चरित्राशी जुळणे हा व्युत्पत्तीचा पुरावा होऊ शकत नाही.

सामान्यतः धार्मिक पुस्तिकांतून जो अर्थ छापला जातो, तो मात्र या तिहींहून निराळा आहे. ‘कॅथरीन म्हणजे शुद्ध’ असे आपण वाचतो. ग्रीक भाषेत ‘कथारोस’ म्हणजे शुद्ध, निर्मळ. प्राचीन ख्रिस्ती लोकांना ‘कातेरिने’ आणि ‘कथारोस’ यांतील ध्वनिसाम्य जाणवले. कुमारी आणि हुतात्मा म्हणून पूजिल्या गेलेल्या संतेला शुद्धतेचा अर्थ शोभणारा होता. तेव्हा लोकांनी शब्द त्या अर्थाकडे ओढून घेतला आणि लॅटिनमध्ये त्याचे लेखनही ‘काथारिना’ असे होऊ लागले. मूळ शब्दात ‘ते’ होते. या नव्या लेखनात ‘था’ आले. पोर्तुगीज भाषेने त्याचे ‘कातारिना’ केले. सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल की, आपल्या ‘कातारीन’मधील मधला ‘ता’ हा त्या लोकव्युत्पत्तीचाच ठसा आहे. ज्या इटालियन भाषेने ‘कातेरिना’ असे रूप राखले, तिच्यात हा ठसा उमटलेला नाही.

मध्ययुगातील लेखक याहूनही पुढे गेले. तेराव्या शतकातील याकोबुस दे वोराजिने या दोमिनिकन धर्मगुरूने आपल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रसंग्रहात या नावाची फोड ‘संपूर्ण’ आणि ‘विध्वंस’ अशी करून दाखवली आहे. सैतानाने रचलेल्या इमारतीचा तिच्या ठायी पुरता विध्वंस झाला, असा त्याचा भाव. त्यानेच दुसरी फोड ‘साखळी’ या शब्दावरून केली आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर या दोहोंपैकी एकही टिकत नाही. तथापि भारतीय वाचकाने त्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे यास्काचार्यांनी निरुक्तात ‘अग्नी’ या एका शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती दिल्या आहेत. अशा निरुक्तीचा रोख शब्दाच्या जन्मापेक्षा शब्दाच्या चिंतनाकडे अधिक असतो. ती मननाला उपयोगी पडते, इतिहास म्हणून तिचा आधार घेता येत नाही. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पालकांना प्रामाणिक उत्तर देता येते : ‘शुद्ध’ हा या नावाला ख्रिस्ती परंपरेने दिलेला अर्थ आहे, मूळ धातू निश्चित झालेला नाही.

२. रूपांचा विस्तार

हे नाव जेथे जेथे गेले, तेथील भाषेच्या स्वभावाप्रमाणे बदलले. या बदलांत गोंधळ नसून नियम आहे, आणि मराठी वाचकाला ते नियम अनोळखी वाटणार नाहीत.

पहिला बदल आद्य स्वराच्या लोपाचा. ग्रीक ‘ऐकातेरिने’तील आरंभीचा ‘ऐ’ पश्चिमेकडे गळून गेला. संस्कृत ‘अरण्य’चे मराठीत ‘रान’ झाले, तसाच हा प्रकार. पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या परंपरेत वाढलेल्या रशियन भाषेने मात्र तो स्वर राखला. म्हणून रशियन स्त्री ‘येकातेरिना’ असते आणि घरात तिला लाडाने ‘कात्या’ म्हणतात.

दुसरा बदल ‘र’चा ‘ल’ होण्याचा. र आणि ल यांत भेद मानू नये, असे आपले वैयाकरण पूर्वीपासून म्हणत आले आहेत. स्पॅनिशमधील ‘कातालिना’, हंगेरियन ‘कातालिन’ आणि आयर्लंडमधून इंग्रजीत आलेले ‘कॅथलीन’ ही त्याची उदाहरणे होत.

तिसरा बदल संक्षेपाचा. डेन्मार्कमध्ये मधली अक्षरे झिजून ‘कारेन’ झाले, स्वीडनमध्ये ‘कारिन’. इंग्रजीने ‘केट’ आणि ‘किटी’ केले. केरळातील ख्रिस्ती लोकांत ‘कत्रीना’ हे रूप रुळले.

गोमंतकात आलेले रूप पोर्तुगीज ‘कातारिना’ होय. त्यात आघात ‘रि’वर पडतो आणि शेवटचा ‘आ’ आघाताविना राहतो. कोकणी बोलणाऱ्या जिभेने तो अंत्य स्वर सोडून दिला व आघाताचा ‘रि’ दीर्घ केला. ‘कातारीन’ तयार झाले. लज्जेची लाज, शय्येची शेज आणि संध्येची सांज ज्या प्रवृत्तीने झाली, तिच्याशी ही प्रवृत्ती मिळतीजुळती आहे. याच रीतीने आंतोनियोचा ‘आंतोन’ झाला, कायतानोचा ‘कायतान’ झाला आणि सांव जुवांव या सणाचे ‘सांजांव’ झाले. तात्पर्य, ‘कातारीन’ हे रूप पोर्तुगालमध्ये नाही. ते येथल्या मातीत, येथल्या तोंडी घडले आहे. नाव बाहेरून आले, तरी त्याचे हे रूप आपले आहे.

३. नाव ज्या दिवशी आले

आता तिसऱ्या आणि सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळावयाचे. हे नाव गोव्यात कसे रुजले, याची तारीखच इतिहासात नोंदली आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशाहीच्या ताब्यातील गोवा शहर दुसऱ्यांदा जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कातारीनच्या सणाचा होता. विजयाची आठवण म्हणून तेथे तिच्या नावाचे कपेल उभारण्यात आले. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने ते वाढविले. पुढे १५६२ मध्ये ज्या भव्य से कॅथेड्रलच्या बांधकामास आरंभ झाला, तेही याच संतेला अर्पण केलेले आहे. त्याच्या मुख्य वेदीमागील सोनेरी मखरावर तिच्या चरित्रातील प्रसंग कोरलेले आजही पाहावयास मिळतात. जुन्या गोव्यातील ही चर्चे व मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

याच २५ नोव्हेंबरची दुसरी बाजूही इतिहासात आहे आणि ती झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. शहर हाती आल्यावर आल्बुकेर्कच्या आज्ञेने तेथील मुसलमानांची कत्तल झाली. त्याने स्वतः आपल्या राजाला पाठविलेल्या पत्रात तिचे वर्णन केले आहे. पुढील काळात तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील मंदिरे पाडली गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे स्थान त्याच काळात उद्ध्वस्त झाले आणि ते दैवत नदीपलीकडे, डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेण्यात आले. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. म्हणजे डिचोलीच्या माणसाला नदीच्या एका तीरावर संत कातारीनचे कॅथेड्रल आणि दुसऱ्या तीरावर विस्थापित होऊन आलेला सप्तकोटेश्वर अशा दोन्ही खुणा जवळच आहेत. त्याने या नावाकडे साशंक दृष्टीने पाहिले, तर त्यात नवल नाही.

पेडणे व डिचोली येथील परिस्थिती मात्र जुन्या काबिजादीहून वेगळी होती. हे प्रदेश सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. त्या वेळी धर्मप्रसाराचा पहिला आवेश ओसरला होता आणि नव्या काबिजादीतील हिंदू रयतेचे धर्माचार व रूढी राखण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले होते. म्हणून तेथे ख्रिस्ती वस्ती संख्येने थोडी राहिली. हरमल, मांद्रे, तेरेखोल अशा ठिकाणची ख्रिस्ती घरे आजतागायत बहुसंख्य हिंदू शेजाऱ्यांमध्ये नांदत आली आहेत. ‘कातारीन’ हे नाव तेथे रुजले, ते आईकडून मुलीला आणि आजीकडून नातीला मिळत मिळत.

४. संत कातारीन कोण?

ज्या संतेचे नाव एका जेत्याने आपल्या विजयाला जोडले, ती कोण होती? परंपरा सांगते की, चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रिया नगरीत कातारीन नावाची थोर कुळातील विदुषी होती. ख्रिस्ती जनांचा छळ करणाऱ्या सम्राटापुढे ती उभी राहिली. सम्राटाने तिला वादात हरविण्यासाठी ५० तत्त्वज्ञ बोलाविले. तिने त्या सर्वांना निरुत्तर केले आणि त्यांनीच विश्वास स्वीकारला. तिला खिळ्यांच्या चाकावर मारण्याची आज्ञा झाली; चाक मोडले. अखेर तिचा शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी तिचा देह सिनाय पर्वतावर नेला. सिनाय येथे सम्राट युस्तिनियान याने सहाव्या शतकात बांधविलेला मठ पुढे तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

या कथेचे लिखित रूप घटनेच्या मानलेल्या काळानंतर कित्येक शतकांनी आढळते. इतिहासकार युसेबियस याने त्या काळातील एका अलेक्झांड्रियन स्त्रीचा उल्लेख केला आहे, जिने सम्राटाच्या वासनेला नकार दिला व हद्दपारी पत्करली. पण त्याने तिचे नाव दिलेले नाही. ऐतिहासिक पुराव्याच्या या अभावामुळेच १९६९ च्या सुधारित उपासना-पंचांगातून २५ नोव्हेंबरचा हा स्मरणदिन वगळण्यात आला होता. २००२ च्या रोमन मिस्साग्रंथात तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून पुन्हा समाविष्ट झाला. ख्रिस्तसभेने येथे एक विवेक शिकविला आहे. कथेचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून पुढे करू नये. आणि शतकानुशतके असंख्य श्रद्धावंतांना ज्या स्मृतीने धैर्य दिले, ती टाकूनही देऊ नये.

त्या स्मृतीचा गाभा काय आहे, ते पाहावे. ही स्त्री निःशस्त्र आहे. तिच्या बाजूला सैन्य नाही, राजसत्ता नाही. राजसत्ता तिच्या विरोधात आहे. ती शब्दाने आणि युक्तिवादाने लढते व दुसऱ्याचे मन वळविते; कोणावर बळजबरी करीत नाही. तत्त्वज्ञांनी तिला आपली आश्रयदाती संत मानले, ते याचसाठी. अशा संतेच्या सणादिवशी तलवारीने मिळविलेला विजय तिच्या नावे वाहिला गेला, ही इतिहासातील मोठी विसंगती होय. आमच्या मते पालकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच सापडते. ‘कातारीन’ हे नाव जेत्याच्या हातून येथे आले हे खरे. परंतु हे नाव धारण करणारी संत जेत्यांच्या पक्षाची नव्हती. १५१० साली शहरात जे मारले गेले, त्यांच्या आक्रोशाशी तिच्या मरणाचे नाते आल्बुकेर्कच्या विजयापेक्षा जवळचे आहे. नाव टाकल्याने इतिहास पुसला जात नाही. ते समजून घेऊन धारण केल्यास त्या इतिहासाचा न्यायनिवाडा करण्याचे बळ त्याच नावात आहे.

येथे दुसऱ्या एका कातारीनचेही स्मरण करावे. सिएनाची संत कातारीन (१३४७–१३८०) ही एका रंगाऱ्याची मुलगी. तिने पोपमहोदयांनाही निर्भीडपणे पत्रे लिहिली. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. तिचा सण २९ एप्रिल रोजी येतो. म्हणजे कातारीन नावाच्या मुलीला नोव्हेंबरातील किंवा एप्रिलातील, कोणताही सण आपला म्हणून निवडता येतो. दोन्ही संता शब्दाच्या सामर्थ्याने सत्तेपुढे उभ्या राहिल्या, ही गोष्ट मुलींना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

५. नाव आणि पाचारण

पवित्र शास्त्रात नावाचा महिमा त्याच्या धातूवरून ठरत नाही. हाक मारणाऱ्यावरून ठरतो. अब्रामाचा अब्राहाम झाला, याकोबाचा इस्राएल झाला, शिमोनाला प्रभूने केफा म्हटले. प्रत्येक ठिकाणी नवे नाव ही नवी कामगिरी आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील एका शिष्येची कथा आहे. तिचे नाव आरामी भाषेत ताबिथा आणि ग्रीकमध्ये दुर्कस. दोहोंचाही अर्थ हरिणी. लेखक लूक दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहितो. तिची थोरवी तो कोणत्याच भाषेच्या नावात शोधत नाही. विधवांसाठी तिने शिवलेल्या वस्त्रांत शोधतो. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या ख्रिस्ती जनांना याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

तेव्हा असा प्रश्न येईल की, ‘शुद्ध’ हाच अर्थ अभिप्रेत असेल, तर मुलीचे नाव ‘निर्मला’ ठेवण्यास हरकत कोणती? आमच्या मते हरकत नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत बालकाला ख्रिस्ती नाव दिले जाईल याची दक्षता धर्मगुरूने घ्यावी, आणि पालक ऐकत नसतील तर संताचे नाव जोडून दोन्ही नावे वहीत नोंदवावीत, असा नियम होता. १९८३ च्या संहितेच्या ८५५ व्या कलमात अपेक्षा एवढीच आहे की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव पालक, धर्मपालक व धर्मगुरू यांनी देऊ नये. निर्मळपणा ख्रिस्ती भावनेला परका कसा असेल? महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी आपले नाव बदलले नाही. याहूनही पूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. येथील भाषेला ख्रिस्ताचा आशय पेलता येतो, ही साक्ष गोमंतकात चार शतकांपूर्वीची आहे.

पण ‘निर्मला’ चालते म्हणून ‘कातारीन’ टाकावे, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. ते आजीचे नाव आहे, आणि आजीने त्याच नावाने जपमाळ ओढली आहे. निवड पालकांची, धर्मगुरूचे काम त्यांना दोन्ही नावांचा अर्थ आणि इतिहास नीट सांगण्याचे.

६. नोंदीविषयी

शेवटी एका व्यावहारिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. पोर्तुगीज काळातील स्नानसंस्काराच्या वहीत एखाद्या स्त्रीचे नाव ‘कातारिना’ असते. शाळेच्या दाखल्यावर ते ‘कॅथरीन’ होते. मतदारयादीत ‘कत्रीना’ होते. आणि घरी, गावात ती ‘कातारीन’ असते. एकाच नावाची ही रूपे होत, हे वर दाखविलेच आहे. कचेरीतील कारकुनाला मात्र त्या चार निरनिराळ्या बाया वाटतात. गोव्यातील कायद्यानुसार वारसाहक्कात मुलीचाही वाटा असतो. वाटणीच्या वेळी नावातील एका अक्षराच्या फरकाने म्हाताऱ्या बाईला प्रतिज्ञापत्रांसाठी खेटे घालावे लागतात. ज्या नावाने तिला देवाने हाक मारली, त्याच नावाने तिचा हक्क अडून राहावा, हे योग्य नव्हे.

म्हणून धर्मगुरूंनी स्नानसंस्काराच्या वेळी पालकांकडून नावाचे एक रूप निश्चित करून घ्यावे, ते रोमी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत सुवाच्य अक्षरांत लिहून द्यावे, आणि जन्मनोंदणीत तेच रूप राहील अशी सूचना द्यावी. जुन्या वहीतील उतारा देताना मूळ नोंद जशीच्या तशी उतरवावी; तीत आपल्या मनाने दुरुस्ती करू नये. रूपभेदाविषयी पत्र मागितले गेल्यास ‘कातारिना, कातारीन व कॅथरीन ही एकाच नावाची रूपे आहेत’ असा खुलासा लिहून देण्यास कोणतीही अडचण नसावी. नाव राखणे हेही धर्मगुरूच्या सेवेचेच एक अंग आहे. आणि त्याची सुरुवात वहीतील अक्षर नीट काढण्यापासून होते.